जेम्स मॅडिसन आणि ऑरेंज परगण्याची निवडणूक

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांचा चौथा अध्यक्ष जेम्स मॅडिसन ह्याचे नाव आमच्या वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांस अपरिचित नाही. त्या राष्ट्राच्या राज्यघटनेचा जनक म्हणून इतिहासाच्या पुस्तकात त्याचा उल्लेख येतो व एकदोन ओळींतच त्याची बोळवण होते. थोर पुरुषांच्या चरित्रांतून त्यांचे विजय तेवढे सांगण्याची रूढी पडून गेली आहे. विजय ऐकावयास गोड असतात हे खरे. परंतु मनुष्याची परीक्षा पराभवाच्या वेळी अधिक होते असे आम्हांस वाटते. म्हणून मॅडिसनचे चरित्र सांगताना, तो आपल्याच गावच्या लोकांपुढे एका लहानशा निवडणुकीत हरला, त्या प्रसंगाभोवती आम्ही ते गुंफणार आहोत. त्याला हरविणारी गोष्ट होती दारूचे पिंप.

जेम्स मॅडिसनचा जन्म ता. १६ मार्च १७५१ रोजी व्हर्जिनिया प्रांतात, पोर्ट कॉनवे येथे त्याच्या आजोळी झाला. त्याचे वडील ऑरेंज परगण्यातील सर्वांत मोठे जमीनदार असून त्यांच्या शेतांवर तंबाखूचे पीक निघे व ते काढण्यास पुष्कळ गुलाम राबत. जेम्स हा त्यांचा वडील मुलगा. शरीराने तो अगदीच किरकोळ होता. मोठेपणीही त्याची उंची सुमारे पाच फूट चार इंच भरे, आणि आवाज इतका हलका की सभेत मागे बसलेल्यांस तो ऐकू जात नसे. आपण फार दिवस जगणार नाही, असे तरुणपणी त्याच्या मनाने घेतले होते. परंतु ईश्वराची योजना निराळी होती. त्याला पंचाऐंशी वर्षांचे आयुष्य लाभले.

१७६९ साली तो प्रिन्स्टन येथील न्यू जर्सी कॉलेजात दाखल झाला. त्या कॉलेजाचे प्रमुख रेव्हरंड जॉन विदरस्पून हे स्कॉटलंडातून आलेले प्रेस्बिटेरियन पाळक असून पुढे अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर ज्यांनी सह्या केल्या त्यांपैकी ते एक होत. मॅडिसनने अहोरात्र अभ्यास करून आपला पाठ्यक्रम दोन वर्षांतच पुरा केला व १७७१ साली पदवी मिळविली. त्यानंतरही काही महिने तो तेथेच राहून विदरस्पून यांच्या हाताखाली इब्री भाषा शिकला. ह्या श्रमांनी त्याची प्रकृती ढासळली व घरी परतल्यावर कोणता धंदा पत्करावा ह्याविषयी त्याचे मन बराच काळ डळमळत राहिले.

अशा स्थितीत असता त्याच्या शेजारच्या कल्पेपर परगण्यात जे चालले होते त्याने तो जागा झाला. त्या वेळी व्हर्जिनियात इंग्लंडची मंडळी ही सरकारमान्य मंडळी होती व तिच्या खर्चासाठी सर्वांस कर द्यावा लागे. बॅप्टिस्ट पंथाचे उपदेशक परवाना न घेता रानात, रस्त्यात, मिळेल तेथे उपदेश करीत. त्यांस पकडून तुरुंगात घालीत. १७७४ सालच्या आरंभी असे पाचसहा सरळमार्गी उपदेशक तुरुंगात पडले होते. मॅडिसन स्वतः बॅप्टिस्ट नव्हता. त्याचे घराणे सरकारमान्य मंडळीतील होते. तथापि देवाची भक्ती केल्याबद्दल मनुष्यास कोंडून ठेवावे, हा प्रकार त्याला सहन झाला नाही. त्याने आपल्या मित्रास पत्र लिहून आपला संताप व्यक्त केला व ह्या लोकांसाठी तो जिकडेतिकडे वाद घालीत राहिला. त्याच्या सार्वजनिक आयुष्याची मुळे ह्या तुरुंगाच्या दाराशी रुजली असे म्हणण्यास हरकत नाही.

१७७६ साली ऑरेंज परगण्याने त्यास व्हर्जिनियाच्या परिषदेवर प्रतिनिधी म्हणून पाठविले. वय अवघे पंचवीस. विल्यम्सबर्ग येथे भरलेल्या ह्या परिषदेने नव्या राज्याची घटना व हक्कांचा जाहीरनामा तयार केला. जाहीरनाम्याचा मसुदा जॉर्ज मेसन ह्या मुत्सद्द्याचा होता. त्यात सर्व धर्ममतांस सवलत द्यावी अशा अर्थाचे शब्द होते. मॅडिसनने ते बदलवून घेतले. सवलत ही देणाऱ्याच्या मर्जीवर असते. ती आज दिली तर उद्या काढूनही घेता येते. विवेकबुद्धीप्रमाणे धर्म पाळणे हा तर प्रत्येकाचा सारखाच हक्क होय, असा त्याचा आग्रह होता व तो मान्य झाला. नवख्या तरुणाने पहिल्याच सभेत मिळविलेला हा विजय लहान नव्हता.

आता पुढील वर्षाची निवडणूक समजण्यासाठी त्या काळच्या रीतिरिवाजाकडे वळले पाहिजे. व्हर्जिनियाच्या प्रतिनिधिगृहात प्रत्येक परगण्यातून दोन सभासद दरवर्षी निवडून जात. मताचा अधिकार स्वतःची जमीन बाळगणाऱ्या गोऱ्या पुरुषांसच काय तो असे. स्त्रिया, भूमिहीन व गुलाम ह्यांस तो नव्हता. मतदान परगण्याच्या कचेरीच्या ठिकाणी होई. सांप्रतप्रमाणे गुप्तपणे मत देण्याची चाल नव्हती. शेरीफ मेजापाशी बसे, उमेदवारही बहुधा तेथेच असत, आणि मतदार पुढे येऊन आपण कोणास मत देतो ते सर्वांदेखत मोठ्याने सांगे. लगेच त्याचे नाव कारकून लिहून घेई आणि ज्यास मत मिळाले तो उमेदवार उठून त्याचे आभार मानी. सावकारापुढे कुळास आणि जमीनदारापुढे शेजाऱ्यास अशा रीतीने मत देणे किती अवघड जात असेल ह्याची कल्पना आमचे वाचक सहज करतील.

लोक मैलोगणती घोड्यावरून किंवा पायी येत, आणि त्यांच्या श्रमपरिहारासाठी उमेदवाराने रम, बिअर इत्यादी पेयांची पिंपे उघडावी अशी चाल पडली होती. निवडणुकीत मतदारांस खाऊपिऊ घालू नये असा कायदा व्हर्जिनियात पूर्वीपासून होता. पण तो कागदावरच राहिला. थोर थोर माणसेही ह्या रूढीस अपवाद नव्हती. जॉर्ज वॉशिंग्टन १७५८ साली फ्रेडरिक परगण्यातून उभा राहिला तेव्हा स्वतः सैन्यात गुंतल्यामुळे हजरही नव्हता. परंतु त्याच्या मित्रांनी त्याच्या नावाने सुमारे १६० गॅलन मद्य वाटले, आणि तो निवडून आला. त्या परगण्यात मते देणारे चारशेच्या आसपास होते हे ध्यानात घेतले म्हणजे प्रत्येकाच्या वाट्यास किती मद्य आले ह्याचा हिशेब आमच्या विद्यार्थ्यांनी करून पाहावा.

१७७७ सालच्या एप्रिल महिन्यात ऑरेंज परगण्यात निवडणूक आली. मॅडिसन पुन्हा उभा राहिला. देश नुकताच स्वतंत्र झाल्याचे जाहीर झाले होते व इंग्लंडशी युद्ध चालू होते. राजाची सत्ता झुगारून लोकांनी आपल्या मताने राज्य चालवावयाचे, तर ते मत पेल्यात बुडविलेले असून कसे चालेल, असा विचार त्याने केला. नव्या प्रजासत्ताक राज्यास शोभेल अशी निवडणूक व्हावी म्हणून एक थेंबही दारू पाजावयाची नाही असे त्याने ठरविले. त्याच्याविरुद्ध चार्ल्स पोर्टर नावाचा गृहस्थ उभा होता. हा गुत्ता चालवीत असे असे सांगतात. त्यामुळे पिंपांची त्यास वाण नव्हती. जुन्या रूढीप्रमाणे त्याने सढळ हाताने पाहुणचार केला. मते मोजली गेली तेव्हा ज्याने वर्षापूर्वी हक्कांच्या जाहीरनाम्यात आपल्या विचाराची छाप उमटविली होती तो मॅडिसन हरला व पोर्टर निवडून आला.

मॅडिसनच्या पक्षातील काही मतदारांस हा निकाल मान्य झाला नाही. पोर्टरने लाच देऊन मते मिळविली, सबब त्याची निवड रद्द करावी असा अर्ज त्यांनी प्रतिनिधिगृहाकडे केला. गृहाने तो चौकशीस घेतला. परंतु आरोप शाबीत होईल असा पुरावा पुढे न आल्याने अर्ज फेटाळण्यात आला. ज्यांनी पेला हातात घेतला होता त्यांनीच साक्षीस उभे राहावे ही अपेक्षा मुळातच कठीण होती. शिवाय अशा चालीने स्वतः निवडून आलेले किती सभासद त्या गृहात न्याय करावयास बसले असतील, हाही विचार मनात येतो.

येथे एक गोष्ट आम्ही निःपक्षपातीपणे नमूद करतो. सारा दोष मतदारांच्या माथी मारून मोकळे होणे न्याय्य होणार नाही. मॅडिसनने उतारवयात ह्या प्रसंगाविषयी लिहून ठेविले आहे, त्यावरून असे दिसते की त्याचा संयम लोकांस गर्व वाटला, किंवा चिक्कूपणा वाटला. खेड्यातील मनुष्यास पाहुणचाराच्या पेल्यात लाच दिसत नाही. मोठ्या घरचा मुलगा आपणांस बरोबरीने वागवितो की नाही ह्याची ती खूण वाटते. श्रीमंत जमीनदाराचा मुलगा, कॉलेजात शिकून आलेला, हळू आवाजात बोलणारा. त्याने पेला तर दिला नाहीच, पण आपण का देत नाही हेही त्यांच्या मनात उतरविले नसावे. तत्त्व बरोबर होते. ते लोकांपर्यंत पोहोचविण्याचे काम मात्र राहून गेले होते. सन्मार्गाने चालणाऱ्याने आपल्या शेजाऱ्यास तो मार्ग दाखवावयाचाही असतो. मॅडिसन हे शिकला, पण त्यास अकरा वर्षे लागली.

पराभवाने तो कडवट झाला नाही. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात व्हर्जिनियाच्या कायदेमंडळाने त्यास गव्हर्नरच्या आठ जणांच्या सल्लागार मंडळावर निवडले. ज्या गृहाचे दार गावच्या लोकांनी बंद केले त्याच गृहाने त्यास दुसऱ्या दाराने आत घेतले. तेथे प्रथम पॅट्रिक हेन्री व मागून टॉमस जेफर्सन ह्या गव्हर्नरांबरोबर त्याने काम केले, आणि जेफर्सनशी त्याची जी मैत्री जडली ती जन्मभर टिकली. पुढे मौजेची गोष्ट घडली. १७७८ सालच्या एप्रिलात ऑरेंज परगण्याने त्यासच प्रतिनिधी म्हणून निवडून दिले! परंतु सल्लागार मंडळाच्या सभासदास प्रतिनिधिगृहात बसता येत नसल्याने गृहाने ती निवड रद्द ठरविली. एका वर्षात लोकांचे मन पालटले होते, हे मात्र त्यावरून दिसून आले.

१७८४ साली तो प्रतिनिधिगृहात परत आला. त्या वेळी ख्रिस्ती धर्मशिक्षकांच्या वेतनासाठी सर्वांवर कर बसवावा असे बिल पॅट्रिक हेन्रीने आणले होते. वरवर पाहता ते धर्माच्या हिताचेच वाटते. मॅडिसनने त्यास कसून विरोध केला आणि १७८५ साली पंधरा कलमांचा एक विनंतिअर्ज लिहून लोकांत फिरविला. सरकारच्या टेकूवाचून ख्रिस्ती धर्म पहिल्या शतकांत वाढला. टेकू मिळाल्यावर मात्र त्याचे उपदेशक आळसावले व त्यात द्वेष शिरला, हा त्यातील एक प्रमुख मुद्दा होता. बॅप्टिस्ट व प्रेस्बिटेरियन लोकांनीही त्याविरुद्ध अर्जांवर अर्ज धाडले. ते बिल बारगळले व १७८६ सालच्या जानेवारीत जेफर्सनने लिहिलेला धर्मस्वातंत्र्याचा कायदा मॅडिसनने मंजूर करून घेतला. आम्हां ख्रिस्ती लोकांस ही कथा विशेष मननीय आहे. जो धर्म बळाने लादला जातो तो हृदयात शिरत नाही, आणि आपल्या धर्मास जे स्वातंत्र्य आपण मागतो तेच शेजाऱ्याच्या धर्मास देणे आपले कर्तव्य ठरते.

१७८७ साली फिलाडेल्फियास राज्यघटना तयार करण्यासाठी जी परिषद भरली तिच्या कामावर मॅडिसनच्या तयारीची छाप पडली. रोज पुढे बसून त्याने वादविवादाची टिपणे घेतली. ती त्याच्या मृत्यूनंतर १८४० साली प्रसिद्ध झाली. घटना तयार झाली, पण ती राज्यांनी मान्य करावयाची होती, आणि त्यासाठी व्हर्जिनियाच्या परिषदेवर निवडून जाणे भाग होते. पुन्हा तेच ऑरेंजचे मतदार! धर्मस्वातंत्र्याची हमी घटनेत लेखी नाही म्हणून बॅप्टिस्ट लोक साशंक झाले होते. मित्रांनी मॅडिसनला तातडीने घरी बोलाविले. मार्च १७८८ मध्ये, निवडणुकीच्या दिवशी, सोसाट्याच्या वाऱ्यात उघड्यावर उभे राहून त्या क्षीण आवाजाच्या मनुष्याने आयुष्यात प्रथमच मोठ्या जमावापुढे भाषण केले व लोकांच्या शंकांचे निरसन केले. मते मोजली तेव्हा मॅडिसनला २०२ व त्याचा जोडीदार जेम्स गॉर्डन ह्यास १८७ मते पडली. हरलेल्यांत शेवटचा होता चार्ल्स पोर्टर. त्यास अवघी ३४ मते मिळाली. अकरा वर्षांपूर्वी पिंपाने जे हिरावून घेतले होते ते समजूतदार शब्दांनी परत मिळविले.

पुढल्याच वर्षी त्यास राष्ट्रीय प्रतिनिधिगृहासाठी उभे राहावे लागले. ह्या वेळी प्रतिस्पर्धी होता त्याचा मित्र जेम्स मन्रो. दोघांनी कडाक्याच्या थंडीत बरोबरच प्रवास करून एकाच सभेत परस्परांविरुद्ध भाषणे केली. कल्पेपर परगण्यात एका लूथरन मंदिराबाहेर बर्फात उभे राहून बोलून परतताना मॅडिसनचे नाक हिमाने असे फुटले की त्याचा व्रण जन्मभर राहिला. जॉर्ज ईव्ह नावाच्या बॅप्टिस्ट उपदेशकास पत्र लिहून, घटनेत हक्कांची कलमे घालण्यासाठी आपण झटू असे त्याने कबूल केले. फेब्रुवारी १७८९ मध्ये १,३०८ विरुद्ध ९७२ मतांनी तो जिंकला. मन्रोशी त्याची मैत्री तुटली नाही. पुढे मॅडिसन अध्यक्ष झाला तेव्हा मन्रो त्याचा परराष्ट्रमंत्री झाला. निवडणुकीतील विरोध हा वैर नव्हे, हे आमच्या मोठ्या माणसांनीही ह्या दोघांपासून शिकण्यासारखे आहे.

निवडून आल्यावर दिलेला शब्द विसरणारे पुष्कळ असतात. मॅडिसनने मात्र त्याच वर्षीच्या जून महिन्यात दुरुस्त्या सभेपुढे मांडल्या, आणि १७९१ सालच्या डिसेंबरात त्यांतील दहा मंजूर होऊन घटनेत समाविष्ट झाल्या. भक्ती, भाषण, मुद्रण व सभा ह्यांचे स्वातंत्र्य त्यांपैकी पहिलीत आहे. कल्पेपरच्या तुरुंगातील उपदेशकांचे ऋण अशा रीतीने फिटले.

१७९४ साली त्याने डॉली पेन टॉड ह्या विधवा बाईशी विवाह केला. १८०९ ते १८१७ पर्यंत तो राष्ट्राचा अध्यक्ष होता. त्याच्या कारकिर्दीत १८१२ साली इंग्लंडशी युद्ध जुंपले व १८१४ सालच्या ऑगस्टमध्ये इंग्रज सैन्याने वॉशिंग्टन शहरातील अध्यक्षांचे निवासस्थान जाळले. ह्या युद्धाचा आपल्या मुंबईशीही संबंध आला होता. गॉर्डन हॉल व सॅम्युअल नॉट हे पहिले अमेरिकन मिशनरी १८१३ सालच्या फेब्रुवारीत मुंबईस उतरले तेव्हा त्यांचा देश व इंग्लंड ह्यांत लढाई चालू होती. कंपनी सरकारास मिशनरी आधीच नकोसे होते. शत्रुराष्ट्राचे म्हणून त्यांचा संशय अधिकच आला. त्यांस परत धाडण्याचे हुकूम निघाले, पण अखेरीस राहण्याची परवानगी मिळाली, आणि मराठी मुलखात अमेरिकन मिशनच्या शाळांचा पाया घातला गेला.

मॅडिसनच्या चरित्रावरील मोठा डाग झाकून ठेवणे आम्हांस योग्य वाटत नाही. विवेकाच्या स्वातंत्र्यासाठी झटणारा हा पुरुष जन्मभर गुलामांचा धनी राहिला. त्याच्या माँटपेलियर येथील मळ्यावर शंभरावर गुलाम राबत. गुलामगिरी वाईट हे त्यास कळत होते व तसे त्याने लिहिलेही. तरी मृत्युपत्रातसुद्धा त्याने त्यांस मुक्त केले नाही. त्याच्या सेवेत असलेल्या पॉल जेनिंग्ज नावाच्या गुलामास पुढे स्वातंत्र्य मिळाले. मॅडिसनची विधवा पत्नी वृद्धपणी दारिद्र्यात पडली तेव्हा ह्या जेनिंग्जने आपल्या तुटपुंज्या कमाईतून तिला मदत केली, असे त्याने स्वतः लिहून ठेविले आहे. ज्यांस मत देण्याचाच काय, स्वतःच्या देहावरही हक्क नव्हता, त्यांतील एकाचे हे वर्तन मोठमोठ्या मुत्सद्द्यांस लाजविणारे आहे. एका पापास नाही म्हणण्याचे धैर्य असलेला मनुष्य दुसऱ्या, अधिक घोर पापाशी कसा जुळवून घेतो, हे पाहून आपण प्रत्येकाने आपले अंतःकरण तपासून पाहावे.

१८२९ साली व्हर्जिनियाच्या नव्या घटनापरिषदेत अठ्ठ्याहत्तर वर्षांचा मॅडिसन बोलावयास उठला, तेव्हा त्याचा आवाज ऐकू यावा म्हणून सभासद आपल्या जागा सोडून त्याच्याभोवती गोळा झाले. मताचा अधिकार जमीनदारांपुरता न ठेवता इतर गृहस्थांसही द्यावा असे त्याचे मत होते. ज्या सामान्य मतदारांनी त्यास एकदा पाडले होते त्यांच्यावरील त्याचा विश्वास उडाला नव्हता. ता. २८ जून १८३६ रोजी माँटपेलियर येथे त्याचे निधन झाले.

आमच्या शाळेतून आज बाहेर पडणारे विद्यार्थी थोड्याच वर्षांत मतदार होतील, आणि त्यांचे पालक तर आजच आहेत. मत आता गुप्तपणे दिले जाते. कोणी मोठ्याने विचारीत नाही. परंतु पेला, पाकीट, जातीची हाक, ह्या रूपांनी ते पिंप अजूनही दारोदार फिरते. ते घेऊन येणाऱ्यास नाही म्हणणे एकट्यादुकट्याच्या हाती असते. त्यासाठी कायद्याची वाट पाहावी लागत नाही. तसे नाही म्हणताना कदाचित पराभवही पदरी येईल. मॅडिसनच्याही आला. मात्र शेजाऱ्यास तुच्छ न लेखता, आपण नाही का म्हणतो हे त्याच्या अंगणात जाऊन त्यास समजावून सांगण्याचे श्रम आमच्या विद्यार्थ्यांनी प्रथमपासूनच घ्यावेत. त्यासाठी अकरा वर्षे थांबू नये, एवढीच आमची त्यांस कळकळीची विनंती आहे.